अकरा नंबरची जाळी

बापूराव मेस्त्रीचा कुणावर चटकन विश्वास बसला असं कधी घडलं नाही. डॉक्टरनं गोळी दिली की ती खाण्याआधी तो दोन शेजाऱ्यांना दाखवायचा, आणि एसटी वेळेवर आली की हीच आपली गाडी का, म्हणून पाटी दोनदा वाचायचा. बावीस वर्षं जिनिंगमध्ये मशीनचे आवाज ऐकून त्याला खोडच लागली होती. सगळं सुरळीत वाजतंय म्हणजे आत कुठंतरी काहीतरी खडखडत असणारच, असं तो धरूनच चालायचा. मशीनच्या बाबतीत ही खोड फार कामाची होती. माणसांच्या बाबतीत तिनं त्याला आणि माणसांना, दोघांनाही सुखानं जगू दिलं नव्हतं.

सेलूहून केळझरला जाणाऱ्या रस्त्यावर प्रभाकररावांची ही जिनिंग. चोवीस मशीन दोन रांगांत उभ्या. वरून कापूस पडतो, रोलरमधून रुई निघते, सरकी खाली नालीत पडते आणि नालीत फिरणारा लांबच लांब स्क्रू ती बाहेर ओढून नेतो. रुई पुढं प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधतात. हंगामात सगळीकडे रुईचा भुगा उडत असतो, भुवया पांढऱ्या होतात आणि शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागतं.

नोव्हेंबरच्या एका मंगळवारी अशा ऐन गर्दीत कारखान्यांची तपासणी करणाऱ्या प्रेरणा मॅडम न सांगता आल्या. वय असेल पस्तीस. पायात जाड बूट, डोक्यावर घरूनच आणलेलं पांढरं हेल्मेट. प्रभाकररावांनी चहा सांगितला, तर म्हणाल्या, आधी मशीन बघते. बापूराव पुढं झाला. तपासणी कशी होते हे त्याला माहीत होतं. साहेब एक नंबरपासून सुरू करतो, चार नंबरपर्यंत भुग्यानं शिंकायला लागतो आणि सहा नंबरपासून परत फिरतो.

ही बाई एक नंबरपाशी थांबली नाही. दोनपाशी नाही, पाचपाशी नाही. सरळ चालत अकरा नंबरपाशी गेली, वळसा घालून मागच्या बाजूला गेली, गुडघ्यावर बसली आणि टॉर्च लावला. पुलीवरून पट्टा सणसणत फिरत होता. त्याच्यावर जी लोखंडी जाळी असायला हवी, ती नव्हती.

"याची जाळी कुठं आहे?"

"कालच सफाईले काढली, मॅडम," बापूरावानं पापणी न लववता ठोकून दिलं.

मॅडमनी जाळीच्या बोल्टच्या भोकात बोट घातलं. बोट बाहेर आलं ते तांबड्या गंजानं माखून. "काल?" एवढंच म्हणून त्यांनी ते बोट रुमालाला पुसलं आणि कागदावर लिहून घेतलं. जाळी बसेपर्यंत अकरा नंबर बंद. आणि मी पुन्हा येईन, सांगून येणार नाही, असं बजावून त्या निघून गेल्या. चहा थंड झाला.

प्रभाकररावांनी बापूरावला आत बोलावून दार लावून घेतलं.

"बापूराव, चोवीस मशीनी हायेत आपल्याकडे. ते बाई एक नंबरपाशी थांबली?"

"नाई, मालक."

"पाच? आठ? धा?"

"नाई."

"सरळ अकरा. अन् तेबी मांगून. म्हणजे आतल्याच कोनीतरी सांगतलं. मी विचारलं तिले, त म्हणे तक्रार आली का नाई आली ते मी सांगू शकत नाई, कायद्यानंच मनाई हाय. मंग आता तुमी शोधा. शनिवारपर्यंत मले नाव पाह्यजे. नाव भेटलं का तो मानूस गेटच्या बाहेर."

"अन् नाई भेटलं त?"

"त मी समजीन का मेस्त्रीच फितूर हाय. मंग मले मेस्त्री बदलाव लागन."

बापूराव बाहेर आला आणि बंद पडलेल्या अकरा नंबरपाशी जाऊन उभा राहिला. चोपन्न वर्षांच्या माणसाला भर हंगामात दुसरी जिनिंग कोण देणार? आणि नोकरी एक वेळ मिळेलही, पण केळझरमध्ये लोक त्याच्या नावापुढं 'मेस्त्री' लावत, ते पुन्हा कुठून आणायचं? शनिवार चार दिवसांवर होता. चार दिवसांत एक नाव.

खरं सांगायचं तर जाळी काढली होती त्यानंच. दसऱ्याला जिनिंगमध्ये मशीनची पूजा होते. सगळ्या जाळ्या, झाकणं उतरवायची, मशीन पुसून तेल लावायचं, उघड्या चाकांना हळदकुंकू आणि आपट्याची पानं वाहायची. झाकलेल्या देवाची पूजा कशी करायची, असं प्रभाकररावांचे वडील म्हणायचे, तेव्हापासून ही रीत. पूर्वी दुसऱ्या दिवशी जाळ्या परत बसत. मग दोन दिवसांनी बसू लागल्या, मग दिवाळीनंतर. अकरा नंबर ही मोठी खोडकर मशीन, दिवसातून तीनदा तुंबणार. जाळी असली की चार बोल्ट खोला, मोकळं करा, चार बोल्ट कसा. जाळी नसली की नुसता हात घातला आणि गुंता ओढून काढला, दोन मिनिटांचं काम. हात अर्थातच बापूरावचा. यंदा अकरा नंबरची जाळी गोदामात गेली ती गेलीच, आणि दसऱ्याचं कुंकू त्या पुलीवर अजून चिकटून होतं.

त्या पूजेला कामगारांच्या घरची माणसंही येतात. बापूरावची बायको सुमित्राबाई प्रसादाचं ताट घेऊन आली होती. आरती सुरू झाली तरी ती गेटजवळच्या बोर्डापुढं उभी. कारखान्याचे कायदे बारीक अक्षरात लिहिलेला तो बोर्ड, त्याच्यावर कुणीतरी लिंबूमिरची टांगलेली. "काय वाचतं वं? आरती तिथं लिहेल हाय का?" असं म्हणून बापूरावनं सगळ्यांसमोर तिची थट्टा केली होती. ती नुसती हसली होती.

तर आता शोध सुरू झाला. बापूरावच्या मनात तीन माणसांपाशी पाल चुकचुकली.

पहिला निकेश. लाइटचं काम पाहणारा, आयटीआय शिकलेला, घरी दोन महिन्यांची लेक. हा पोरगा प्रश्न फार विचारायचा. याला अर्थिंग का नाही, त्या डब्याला झाकण का नाही. जो दिवसातून तीन वेळा 'काऊन' म्हणतो, तो एखाद्या दिवशी साहेबालाही 'काऊन' म्हणेल. दुसरी रीता. नालीच्या बाजूला सरकी सारणाऱ्या बायांची पुढारी, तोंडावर बोलणारी. तिसरा रूपराव, तेल घालणारा. तो तर कधी बोलतच नसे, आणि जो बोलतच नाही त्याच्या मनात काय शिजतंय हे देवालाही कळत नाही, असं बापूरावचं पक्कं मत.

बुधवारी सकाळपासून त्यानं तिघांवर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. निकेश पॅनलमागे लपून फोनवर बोटं चालवत होता. बापूराव मांजराच्या पावलांनी मागून गेला. फोनवर लेकीचा फोटो होता, पोरगा तो मोठा करून करून पाहत होता. रूपराव जेवणाच्या सुटीत कागदावर काहीतरी लिहिताना सापडला. बापूरावनं 'दाखव पाहू' म्हणून कागद ओढला, तर त्यावर बायकोच्या गोळ्यांची नावं. रूपरावनं एक शब्द न बोलता हात पुढं केला आणि कागद परत घेतला. रीताकडे नुसतं पाहिलं तरी ती म्हणाली, "काका, काई पाह्यजे का? सकाळपासून माह्या मांगं मांगं फिरून राह्यले."

असं जमणार नव्हतं. मग त्याला युक्ती सुचली, आणि ती सुचल्यावर तो स्वतःवरच खूश झाला.

त्याच दिवशी दुपारी त्यानं निकेशला बाजूला घेऊन कानात सांगितलं, "कोनाले बोलू नको. प्रेसच्या दरवाज्याची कडी नाई लागत. मालकाले माईत नाई." रीताला सांगितलं, "नालीवरचं सात नंबरपाशीचं झाकन ढिल्लं हाय. कोनाले सांगू नको." रूपरावला सांगितलं, "मांगच्या शिडीची तिसरी पायरी तडकली हाय. तुह्या माह्यातच ठेवजो." तिन्ही गोष्टी साफ खोट्या. आता बाई पुन्हा आली की प्रेसकडे जाते, झाकणाकडे जाते की शिडीकडे, एवढंच पाहायचं. जिकडं तिची पावलं, तिकडं फितूर.

संध्याकाळी घरी आला तेव्हा सुमित्राबाई अंगणात पाण्याचा गडवा भरून उभी होती. हा त्यांच्या घरचा शिरस्ता. बापूराव कामावरून आला की बोरीच्या झाडाखाली उकिडवा बसणार, हात पुढं करणार आणि ती त्याच्या हातांवर पाणी घालणार. आधी तळवे वर, मग उलटे. "दुसऱ्या अंगानं करा," म्हणायची आणि पुन्हा धार धरायची. जिनिंगमध्ये बापूराव हे छाती फुगवून सांगायचा. "तुमच्या बाया चहा तरी देतात का? माही बायको अठरा वर्षं झाले, अजून हातावर पानी घालते." जगात संशय न घेता राहावं अशी बापूरावला एकच जागा होती, ती हे अंगण.

जेवताना त्यानं तिला सगळी युक्ती सांगितली. माणसानं केलेली हुशारी कुणाला तरी सांगितल्याशिवाय पचत नाही.

"अन् त्या तिन्ही गोष्टी खोट्या?" तिनं चुलीपुढून विचारलं.

"निव्वळ खोट्या. खरं काय हाय, ते कोनाले सांगन काय मी?"

"खरं काय हाय?"

"तुले काय करायचं?"

"सांगा त."

"लाल बटन. लाइनीच्या टोकाले हाय ना, दाबलं का सगळं बंद होते, ते. त्याच्यात रुई घुसे अन् घडीघडी आपोआपच मशीनी बंद पडत. मालक बोंबलत. म्हनून पंधरा दिवसांपासून मी त्याच्या वायरी डब्यातच जोडून टाकल्या. त्या दिवशी तुले जुनी चिंधी मांगतली नाई का? तुह्या पिवळ्या पोलक्याची. तिनंच बांधल्या, डाव्या अंगाले, मोटरच्या तारेच्या मांगं. कोनाच्या बापाले दिसनार नाई."

"मंग आता बटन दाबलं त?"

"काई होत नाई. पन दाबते कोन?"

तव्यावरची भाकर जरा करपली. एरवी सुमित्राबाईच्या हातून भाकर करपत नसे, पण बापूरावचं लक्ष ठेच्याकडे होतं.

"अण्णाजी येऊन गेला आज," ती थोड्या वेळानं म्हणाली. "हिंगणीहून. भाजी देऊन गेला."

अण्णाजी तिचा धाकटा भाऊ. अठरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. पट्ट्यात हात गेला, डावा, कोपरापासून. तेव्हा मालकानं सांगितलं, गडी बेसावध होता. मुकादमानं तेच सांगितलं. दवाखान्याच्या दारात बापूरावही तेच म्हणाला होता, "सासऱ्याचं पोरगं आधीपासूनच धांदरट." जाळी होती की नव्हती, हे कुणी विचारलं नाही. सुमित्राबाई तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला उभी होती.

"बरा हाय ना?" बापूरावनं विचारलं आणि दुसरी भाकर घेतली.

गुरुवार गेला. शुक्रवारी सकाळी साडेदहाला पांढरं हेल्मेट गेटमधून आत आलं.

बापूराव सावध झाला, पण त्यात थोडी गंमतही होती. आता कळेल. त्यानं प्रभाकररावांना डोळ्यानं खूण केली. मॅडम प्रेसच्या दरवाज्यावरून गेल्या. वळल्या नाहीत. निकेश सुटला, बापूरावनं मनात नोंद केली. सात नंबरच्या झाकणावरून गेल्या, खाली पाहिलंही नाही. रीता सुटली. मग राहिला रूपराव, तरीच हा गडी बोलत नाही! पण मॅडम शिडीकडेही गेल्या नाहीत. त्या सरळ लाइनीच्या टोकाला गेल्या, मागं वळून सगळ्या मशीनवरून एकदा नजर फिरवली आणि तळहातानं लाल बटण दाबलं.

काहीच झालं नाही. रोलर फिरत राहिले, पट्टे सणसणत राहिले, नालीतला स्क्रू सरकी ओढत राहिला. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही.

नालीच्या कडेला आठ बाया काम करत होत्या. एकीनं पाहिलं, तिनं दुसरीला कोपरानं ढोसलं, आणि पाहता पाहता आठही जणींचे हात थांबले. त्या सगळ्या त्या लाल बटणाकडे पाहत होत्या. जिनिंगमध्ये आल्या दिवशी प्रत्येकीला हेच सांगितलं जातं, की पदर अडकला, पाय घसरला, काही झालं तरी कुणीतरी धावत जाऊन ते बटण दाबायचं. बाकी सगळं विसरलं तरी चालेल.

मेन स्विच पाडून मशीन बंद केल्या गेल्या. अचानक इतकी शांतता झाली की बाहेरच्या ट्रकवरचं रेडिओचं गाणं ऐकू आलं. मॅडमनी निकेशला डबा उघडायला लावला, टॉर्च आत धरला, आणि इकडंतिकडं न शोधता डाव्या अंगाला, मोटरच्या तारेमागं बोटं घातली. बाहेर आली ती पिवळी चिंधी. त्यावर हिरव्या रेशमाचा एक टाका होता, बाहीच्या काठाचा.

तो टाका बापूरावनं हजार वेळा पाहिला होता.

"हे कोणी केलं?" मॅडमनी विचारलं. त्यांनी चिंधी पिशवीत घातली. बटण दुरुस्त होऊन मी स्वतः दाबून पाहीपर्यंत ही सगळी लाइन बंद, असं लिहून दिलं आणि प्रभाकररावांची सही घेतली.

त्या गेल्यावर रीता बापूरावपुढं येऊन उभी राहिली. ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ती हळूच बोलली, आणि तेच जास्त लागलं.

"काका, सात नंबरचं झाकन ढिल्लं हाय म्हणे तुमी. मी दोन दिवस एकाही बाईले तिकून जाऊ देल्लं नाई. काल वाकून पाह्यलं, त झाकन पक्कं होतं. मले वाटलं, काकानं कसून टाकलं असन."

बापूरावची नजर सात नंबरच्या झाकणाकडे गेली.

"खोटं होतं ते सांगतलं, अन् खरंच बंद होतं ते नाई सांगतलं? आमच्यातल्या गुंजनचा पदर परवाच स्क्रूपाशी गेलता. मी म्हटलं, भेऊ नको, बटन हाय."

मागं शिडीजवळ रूपराव उभा होता. शिडीची तिसरी पायरी नवी दिसत होती. न तडकलेली पायरी काढून त्यानं गुपचूप नवी ठोकली होती, का तर मेस्त्री सांगतो म्हणजे तडकलीच असणार. आणि प्रेसच्या दरवाज्याला निकेशनं एक जास्तीची कडी लावलेली होती. कुणीही साहेबाला काही सांगितलं नव्हतं. तिघांनीही बापूरावच्या शब्दावर विश्वास ठेवून आपापल्या परीनं माणसं वाचवायची सोय केली होती. बापूरावला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रभाकररावांनी आत बोलावलं. "पकडला ना? डब्याची गोष्ट हाय, लाइटवाल्याशिवाय कोनाले समजनार? निकेशच ना?"

नुसती मान हलवायची होती. मालकाच्या मनात नाव ठरलेलंच होतं. मान हलवली की बापूरावची नोकरी राहणार, 'मेस्त्री' राहणार, घरची गोष्ट घरात राहणार. निकेश जाईल, तरुण आहे, त्याला दुसरीकडं काम मिळेल, असं मनाला समजावताही येणार होतं. बापूरावला तो फोनमधला लेकीचा फोटो आठवला.

"उद्या सांगतो, मालक. शनिवार उद्या हाय," तो म्हणाला.

घरी आला तेव्हा सुमित्राबाई गडवा घेऊन उभी होती. तो बसला नाही, हातही पुढं केले नाहीत.

"तू सांगतलं," तो म्हणाला.

"हो."

ती रडेल, पाया पडेल, निदान नजर तरी खाली घालेल असं त्याला वाटत होतं. तिनं गडवा खाली ठेवला आणि पदराला हात पुसले.

"जाळीचाबी अर्ज तूच?"

"तोबी मीच. बचत गटाचे ठराव लिहितो तसाच लिहिला. बोर्डावर नाव होतं, पत्ता होता, फोन होता. तुमी कोनी वाचत नाई म्हनून तो बोर्ड खोटा हाय का?"

"मले सांगाचं होतं!"

"तुमालेच सांगतलं आधी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी म्हटलं, जाळी लावून टाका. तुमी हासले, म्हणे अकराची नाई लावत, मांगून हात घालाले बरं पडते. दिवाळीत म्हटलं, तवाबी हासले. मंग ज्याच्यावर तुमाले हासता येत नाई, त्याले सांगतलं. अन् बटनाचं त तुमी भाकर खाता खाता सांगतलं मले, ठेचा मांगतल्यासारखं. दुसऱ्या दिवशी सेलूले गेली अन् तिथून फोन लावला."

बापूराव ओट्यावर बसला. "साऱ्या दुनियेवर संशय घेतला मी. एक तुह्यावरच नाई घेतला. तू मले घरात बसून धोका देल्ला."

तेव्हा मात्र सुमित्राबाईचा आवाज चढला. "धोका? अठरा वर्षं झाले, रोज मी तुमच्या हातावर पानी घालून राह्यली. काय वाटते तुमाले, पुण्य लागते म्हनून? अण्णाजी त्या दिवशी सकाळी दोन हातांनं चहा पिऊन गेलता. सांजले एक हात घेऊन आला. तवापासून तुमी गेटातून आले का मी बोटं मोजतो. आधी सुलटे, मंग उलटे. धा भरले का मंग माही भाकर तव्यावर पडते. तुमाले वाटे, बायको लय सेवा करते."

बापूरावनं हात मांडीवर ठेवले होते. तो त्यांच्याकडे पाहत राहिला, कुणा परक्याचे हात असावेत तसा. उजव्या मनगटावर पट्ट्यानं ओरबाडल्याचा एक व्रण होता, मागच्या महिन्यातला. त्यानं तिला सांगितलं होतं, खिळा लागला. 'दुसऱ्या अंगानं करा' हे शब्द त्याच्या कानात वाजू लागले. अठरा वर्षांचे सगळे दिवस मोजायला गेलं तर किती होतील, हे त्याच्यानं मोजवेना.

बऱ्याच वेळानं तो बोरीखाली जाऊन उकिडवा बसला आणि हात पुढं केले. तिनं गडवा उचलला.

शनिवारी तो भोंग्याच्या तासभर आधी जिनिंगमध्ये पोचला. गोदामातून अकरा नंबरची जाळी काढली, आणि तिच्यामागं पडलेल्या आणखी तीन मशीनच्याही. चारही बसवल्या, बोल्ट कसले. निकेश आल्यावर त्याच्याकडून नवं बटण बसवून घेतलं, वर झाकणाचा डबा लावला, म्हणजे रुई आत जाऊ नये. काम होतं मोजून अर्ध्या तासाचं. एवढ्या अर्ध्या तासासाठी आपण पंधरा दिवस आठ बायांचा जीव टांगून ठेवला, हे त्याला आता कुणी सांगायची गरज नव्हती. मॅडम येऊन पाहीपर्यंत लाइन बंदच राहणार होती, पण बाया आल्या तेव्हा त्यानं रीताला बोलावलं आणि रिकाम्या मशीन दोन मिनिटं चालवून तिलाच बटण दाबायला लावलं. सगळं जागच्या जागी थांबलं. रीतानं पुन्हा चालू करायला लावून पुन्हा दाबलं. तिनं असं तीनदा केलं, आणि संशय घेतला म्हणून बापूरावला राग आला नाही.

मग तो प्रभाकररावांच्या खोलीत गेला.

"नाव?" प्रभाकररावांनी वर न पाहता विचारलं. "निकेशच ना?"

"निकेश नाई, मालक. रीता नाई, रूपरावबी नाई. बाहेरचंबी कोनी नाई. अर्ज माह्या घरून गेला. माह्या बायकोनं केला."

प्रभाकररावांनी मान वर केली. "वहिनीनं? आपल्या दसऱ्याचा प्रसाद घेऊन येतात त्या? काऊन पन? मी काय वाईट केलं त्याहिचं?"

"तुमी नाई. मी. जाळी मी काढली, वायरी मी जोडल्या. काढाचं असन त मले काढा. पन दुसऱ्या कोनाचं नाव मी सांगनार नाई."

"अरे पन काऊन?"

बापूरावनं दोन्ही हात टेबलावर ठेवले, आधी सुलटे, मग उलटे.

"हे रोज मोजून मोजून थकली म्हणे, मालक."

बाहेर मशीन बंद होत्या, खोलीत पंख्याचा तेवढा आवाज होता. प्रभाकररावांची नजर टेबलावरच्या त्या तेलकट हातांवर गेली, आणि एका करंगळीपासून दुसऱ्या करंगळीपर्यंत सावकाश फिरली.